ट्रेलरचं डावं चाक तापतंय, ब्रेक सुटत नाही. सुरुवात कुठून करू?

वाटसरू२
मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, तोही अडचणीतून. चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडीमागे ओढायचा एका अ‍ॅक्सलचा ट्रेलर आहे, भरून १३०० किलोचा. ब्रेक ओव्हररन पद्धतीचे. म्हणजे गाडीचा ब्रेक दाबला की ट्रेलर पुढे रेटतो, कपलिंगचा दांडा आत सरकतो आणि तोच पुढे सळई नि केबल ओढून चाकांचे ब्रेक लावतो. ड्रम २०० बाय ५० मिमी. ट्रेलर जुना घेतलेला, त्याला तीन वर्षं झाली. गेले चार-पाच महिने एका जागी उभा होता, हँडब्रेक ओढून.

गेल्या आठवड्यात बाहेर काढला. चाळीसेक किलोमीटरवर थांबलो तर जळका वास. डाव्या रिमला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. उजवं नुसतं कोमट. डाव्या रिमवर काळी भुकटी. गाडी जड वाटत होती, सपाट रस्त्यावरही खालच्या गिअरला यावं लागत होतं. आणि रिव्हर्स घ्यायला गेलं की ट्रेलर हटून बसतो. चाकं फिरतच नाहीत, क्लच जळेल असं वाटतं.

सहा महिन्यांपूर्वी हीच तक्रार थोडी सौम्य होती, तेव्हा एका वर्कशॉपमध्ये दिला होता. त्यांनी दोन्ही बाजूंचे ब्रेक शू बदलले, 'सेटिंग' करून दिलं. काही दिवस बरं चाललं. आता पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. परत शू बदलायचे का?

हवेत_चाक
शू बदलायचा छंदच असेल तर बदला :) माझ्या ट्रेलरला ब्रेकच नाहीत, त्यामुळे चिकटायचा प्रश्न येत नाही. (७५० किलोच्या आतला आहे. बऱ्याच देशांत तेवढ्याला बिनब्रेकचा चालतो.)

रिंगपाना
चार महिने हँडब्रेक ओढून उभा ठेवलात ना, तिथेच उत्तर आहे. लायनर (शूवरचा घासणारा थर) ड्रमला गंजाने धरलं. चाक उचला, ड्रमवर रबरी हातोडीने चारी बाजूंनी ठोका. नाही सुटलं तर गाडीला जोडून हलका पुढे-मागे हिसका द्या. काम तमाम.

साधा_फिटर
रिंगपाना, गंजाने धरलेलं लायनर एकदा 'टक' करून सुटलं की सुटलं. पहिल्या किलोमीटरभरात. इथे चाळीस किलोमीटर चाक फिरलंय आणि फिरता फिरता तापलंय. म्हणजे काहीतरी शूला सतत दाबून धरतंय. शिवाय उभं राहण्याच्या आधीपासून तक्रार होतीच.

वाटसरू, कुठलाही पाना हातात घ्यायच्या आधी चार गोष्टी सांगा.
रिव्हर्सला दोन्ही चाकं अडतात की एकच?
ट्रेलर गाडीपासून सोडल्यावर कपलिंगचा दांडा पूर्ण बाहेर येतो का? रबरी घडीच्या आत बोटं घालून बघा, कोरडा आहे की ग्रीस आहे.
हँडब्रेक किती दात्यांवर लागतो?
आणि मधली सळई जिथे दोन केबल्सच्या आडव्या पट्टीला (बॅलन्स बार) मिळते, तिथला नट नीट बघा. आट्यांवर गंज कुठवर आहे आणि चकचकीत कुठवर, ते हवंय मला.

आणि हो, त्या ड्रममध्ये भोकातून कसलाही गंजनाशक स्प्रे मारू नका. लोक हमखास मारतात. लायनरला तेल लागलं की ते शू फेकायचेच.

वाटसरू२
स्प्रे... मारला नाही म्हणजे हातात घेतला होता. वाचलो.

ताशी_चाळीस
बेअरिंगची शक्यता कोणीच का धरत नाहीये? माझं असंच तापलं होतं आणि शेवटी बेअरिंग निघालं. अ‍ॅक्सलवरून चाक सुटून जाता जाता राहिलं.

साधा_फिटर
शंका रास्त आहे, पण दोन्हीचं तापणं वेगळं असतं. बेअरिंग गेलं की उष्णता मधोमध, ग्रीसच्या टोपणाशी जास्त. सोबत घूं घूं आवाज. चाक उचलून वरून-खालून धरून हलवलं तर खडखड लागते. ब्रेक धरत असेल तर ड्रमचा बाहेरचा घेर तापतो, लायनर जळल्याचा तो ओळखीचा वास येतो आणि रिमवर काळी भुकटी बसते. यांनी वास आणि भुकटी दोन्ही सांगितलंय.

मात्र इतकं तापल्यावर आतलं ग्रीस पातळ होऊन बेअरिंगचंही नुकसान झालेलं असू शकतं. उघडाल तेव्हा ते बघायचंच.

तिसरा_गिअर
एक भर घालते. तापमान मोजताना उतारावरून आल्या आल्या मोजू नका. ओव्हररनमध्ये लांब उतारावर ट्रेलर सारखाच गाडीला रेटत असतो, त्यामुळे धडधाकट ब्रेकही तापतात. सपाट रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर जा, शेवटी जोरात ब्रेक न मारता गाडी आपोआप मंदावू द्या, मग मोजा. लेझरवाला थर्मामीटर असेल तर तो काळ्या ड्रमवर धरा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर तो भलताच कमी आकडा दाखवतो. मी त्यात एकदा फसलेय. दोन चाकांतला फरक बघायचा, नुसत्या एका आकड्याला अर्थ नाही.

वाटसरू२
(दुसऱ्या दिवशी) ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. उजवा ड्रम ५८ अंश, डावा १४१.

फिटरकाका, तुमची उत्तरं:
रिव्हर्सला दोन्ही अडतात, पण डावं आधी.
दांडा बाहेर येतो, पण शेवटचे दोनेक सेंटिमीटर हाताने ओढावे लागतात. ग्रीस होतं, वाळून चिकट झालेलं.
हँडब्रेक पहिल्याच दात्यावर घट्ट होतो. मला वाटायचं ही चांगली गोष्ट आहे!
आणि नट. मागे गंजके आटे आणि त्या गंजात सहा-सात आटे एकदम स्वच्छ, चांदीसारखे. हे तुम्हाला आधीच कसं माहीत?

साधा_फिटर
माहीत नव्हतं, संशय होता. पहिल्या दात्यावर घट्ट हँडब्रेक आणि रिव्हर्सला दोन्ही चाकं अडणं, हे दोन एकत्र आले की नव्वद टक्के वेळा कोणीतरी सळई आवळलेली असते. ते स्वच्छ आटे म्हणजे आधी नटाखाली झाकलेले होते, अलीकडे नट पुढे सरकवल्यावर उघडे पडले.

आता हे जरा सविस्तर लिहितो, कारण दहातले आठ ट्रेलर इथेच बिघडवले जातात.

ब्रेक जुळवायच्या दोन जागा असतात. एक चाकाच्या मागे, जिथून शू आणि ड्रममधलं अंतर ठरतं. दुसरी ही मधली सळई. शू झिजले की अंतर वाढतं, हँडब्रेक वर वर जायला लागतो. खरं काम चाकापाशी. पण त्यासाठी ट्रेलर उचला, घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा, खाली झोपा. त्यापेक्षा सळईचा नट उभ्या उभ्या फिरवला की हँडब्रेक टणक लागतो आणि गिऱ्हाईक खूश. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सळई आवळली म्हणजे केबल कायमची थोडी ओढलेली राहते, आणि शू ड्रमच्या अगदी अंगाला.

रिव्हर्सचं गणितही इथेच बिघडतं. रिव्हर्स घेताना गाडी ट्रेलरला मागे ढकलते, म्हणजे दांडा आत जातो, म्हणजे ब्रेक लागणारच. तरीही ट्रेलर मागे जावा म्हणून ड्रमच्या आत एक युक्ती केलेली असते. दोनातला एक शू पक्का बसवलेला नसतो, तो सरकत्या आधारावर असतो. ड्रम उलटा फिरला की त्या शूला सोबत ओढतो, आधार सरकतो, शू आत पडतो आणि ब्रेकची पकड सुटते. गाडी पुढे निघाली की स्प्रिंग त्याला परत जागेवर आणते. पण आधाराला सरकायला जेमतेम काही मिलिमीटर जागा असते. सळईने ती आधीच खाऊन टाकली असेल तर तो सरकून सरकणार कुठे? चाक अडतं.

आता चाचणी. अगदी सोपी आहे, पण क्रम मोडू नका.

सपाट जागी, पक्क्या जमिनीवर, ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच जॅक लावा, गाडीचा हँडब्रेक ओढा. दोन्ही चाकं उचलून अ‍ॅक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही. ट्रेलरचा हँडब्रेक पूर्ण खाली. दोन्ही चाकं हाताने फिरवा, पुढच्या दिशेनेच. उलटी फिरवलीत तर ती युक्ती चालू होईल आणि ब्रेक मोकळा असल्याचा भास होईल.

मग सळईचा नट पूर्ण सैल करा, आडवी पट्टी लोंबकळेपर्यंत. पुन्हा फिरवा. दोन्ही मोकळी झाली तर दोष पुढे, सळई-कपलिंगकडे. एखादं अजून धरत असेल तर दोष त्याच्या केबलमध्ये किंवा ड्रममध्ये. त्या चाकामागे केबलच्या बाहेरच्या नळीचं टोक दोन अर्धगोल कवचांच्या डबीत धरलेलं असतं. डबी उघडा आणि आतली तार आकड्यातून सोडा. चाक सुटलं, तर केबल. नाही सुटलं, तर ड्रम.

एवढं करून कळवा. काही उघडू नका अजून.

खारं_पाणी
फिटरसाहेब, वाचनखूण साठवली. माझा होडीचा ट्रेलर आहे. त्याला ओव्हररनच, पण दांड्यामागे मास्टर सिलेंडर, आणि चाकांना डिस्क. त्याला ही चाचणी कशी लावायची? माझंही एक चाक अधूनमधून धरतं.

साधा_फिटर
तत्त्व तेच: पुढून मागे एकेक दुवा सोडत जायचं. फक्त केबलच्या जागी ब्रेक ऑइल. चाक धरलेलं असताना कॅलिपरचा (डिस्कला दाबणाऱ्या चिमट्याचा) ब्लीडर, म्हणजे ऑइल सोडायचा स्क्रू, थोडा उघडा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकून पडलाय. मग एकतर मास्टर सिलेंडरचं परतीचं बारीक छिद्र बुजलंय, दांडा पूर्ण बाहेर येत नाहीये, किंवा रबरी होज आतून सुजलाय. होज बाहेरून ठणठणीत दिसतो, आत मात्र झडप झालेली असते. ऑइल जोराने जातं, परत येत नाही. ब्लीडर उघडूनही चाक धरलेलंच, तर दोष यांत्रिक: पिस्टन किंवा सरकत्या पिना गंजल्यात. होडीच्या ट्रेलरला बहुतेक वेळा पिनाच. खाऱ्या पाण्यातून बाहेर काढला की गोड्या पाण्याने धुता का?

खारं_पाणी
होडी धुतो :(

निमित्तमात्र
आणि इलेक्ट्रिक ब्रेकवाल्यांनी काय घोडं मारलंय? माझ्याकडे चुंबकवाले आहेत.

साधा_फिटर
तुमचं सर्वांत सोपं. गाडीचा प्लग काढा आणि ट्रेलर गाडीपासून तुटल्यास ब्रेक लावणाऱ्या बॅटरीची तारही सोडा. चाक मोकळं झालं, तर वीज नको तेव्हा पोचतेय: कंट्रोलर, पाणी शिरलेला प्लग, घासलेली तार किंवा त्या बॅटरीची सुरक्षा-खिट्टी अर्धवट निघालेली. तरी धरत असेल, तर ड्रममधला चुंबकाचा हात गंजून अडकलाय, नाहीतर स्प्रिंग गेलीय. १० आणि १२ इंची ब्रेकचा एकेक चुंबक १२ व्होल्टला साधारण ३ अँपिअर घेतो, त्यावरून आजारी चुंबक ओळखता येतो. पण आपण धागाकर्त्याच्या ट्रेलरकडे वळू या, नाहीतर ते बिचारे चाक हवेत ठेवून बसतील.

हवेत_चाक
मला हाक मारली का?

वाटसरू२
:) खरंच तसाच बसलो होतो.

निकाल असा. सळई सैल केली. उजवं चाक सुरुवातीला दीड फेऱ्यांत थांबत होतं, ते आता हलकेच घासत पाच-सहा फेऱ्या गेलं. डावं? तस्सं. अर्धीही फेरी नाही.

मग डाव्या चाकामागची डबी उघडली. उघडायलाच पाऊण तास, दोन्ही कवचं गंजाने एक झालेली. तार आकड्यातून सुटली आणि चाक लगेच सैल पडलं. एक 'टप्' असा आवाज आतून आला, स्पष्ट. उजवी केबल पक्कडीने ओढली की सटकन परत जाते. डावी ओढली, चार मिलिमीटर बाहेर आली आणि तिथेच राहिली. ढकलली तर वाकली, पण आत गेली नाही.

केबलवर बोट फिरवत गेलो. जिथे ती अ‍ॅक्सलवरून वळते, तिथे बाहेरचं प्लास्टिक चेसिसच्या कडेवर घासून नखाएवढं फाटलंय. तिथून गंजाचं तपकिरी पाणी ओघळल्याची खूण.

रिंगपाना
घ्या! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. नवे शू घातले आणि केबल तशीच.

फाटल्या जागेतून पातळ तेल सोडा, रात्रभर उभी टांगून ठेवा, सकाळी लोण्यासारखी चालेल. दुचाकीच्या क्लचची मी नेहमी अशीच करतो.

साधा_फिटर
दुचाकीच्या क्लचला चालेल, तिथे फसली तर गिअर पडत नाही एवढंच. इथे १३०० किलो आहेत. तेलाने ती दोन आठवडे चालेल. मग तेलावर धूळ बसेल, फाटक्या जागेतून पाणी परत जाईल आणि पुढच्या वेळी ती कदाचित ब्रेक सुटलेला असतानाच अडकेल, म्हणजे तापण्याऐवजी ब्रेकच लागणार नाही. केबल बदला. आणि दोन्ही बदला. एक ताणलेली जुनी आणि एक नवी अशी जोडी असली की आडवी पट्टी तिरकी होते, एका चाकाला जास्त ओढ जाते. हँडब्रेक ओढल्यावर ती पट्टी सळईला काटकोनात दिसली पाहिजे.

घेताना बाहेरच्या नळीची लांबी आणि आतल्या तारेची लांबी, दोन्ही मोजून घ्या. जुन्या केबलच्या टोकाशी बऱ्याचदा क्रमांक छापलेला असतो, खरवडून बघा. नवीन बसवताना तीच घासणारी कड टाळा, क्लिप लावा.

रिंगपाना
बरं, मान्य. पण मग ड्रम उघडायची गरज काय? केबल बदलली, सळई सैल, संपलं.

तिसरा_गिअर
१४१ अंश, रिंगपाना. आतल्या स्प्रिंगांनी काय काय सोसलं असेल.

साधा_फिटर
ताईंना अनुमोदन. ड्रम काढाच. काढण्याआधी चाकामागून ब्रेक सैल करून घ्या, नाहीतर ड्रमच्या कडेला झिजून जो ओठ आलेला असतो त्यात शू अडकतात आणि माणसं ओढून ओढून स्प्रिंगा तोडतात. अल्को कंपनीच्या अ‍ॅक्सलला मागच्या ताटलीत रबरी बूच असतं, त्यामागे दातेरी चकती. स्क्रू ड्रायव्हरने एकेक दात फिरवायची. नॉट कंपनीच्या बऱ्याच ब्रेकना मागे बोल्टचं डोकं बाहेर आलेलं असतं, पान्याने फिरतं.

आतली भुकटी हवेने उडवू नका, तोंडाने तर नाहीच. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओलं फडकं किंवा ब्रेक क्लीनर. मास्क घाला.

आणि हबचा नट. सीलबंद बेअरिंगवाल्या हबला तो एकदाच वापरायचा असतो, काढला की नवा. घट्ट करायला टॉर्क पाना लागतोच, माझ्याकडच्या अ‍ॅक्सलच्या पुस्तिकेत २९० न्यूटन-मीटर आहे. तुमच्या पुस्तिकेत काय आहे ते बघा. टॉर्क पाना नसेल तर हे एवढं काम बाहेरून करून घ्या, त्यात कमीपणा नाही. जुन्या पद्धतीचं निमुळतं बेअरिंग नि फटीची पिन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नट आवळून परत किंचित सोडायचा असतो, २९० लावलंत तर बेअरिंगचा भुगा होईल.

वाटसरू२
(चार दिवसांनी) केबल्स आल्या. ड्रम काढले. माझा नट एकदाच वापरायचा निघाला, नवे दोन आणले, टॉर्क पाना मित्राचा.

डावीकडे आत काय दिसलं ते सांगतो. शू सहा महिन्यांचे, पण लायनर काचेसारखं गुळगुळीत, कडेला बारीक भेगा. वरची स्प्रिंग निळसर पडलेली. उजवीकडची तीच स्प्रिंग काढून शेजारी ठेवली, तर डावीची वेटोळी एकमेकांपासून सुटलेली, डावी चांगली नखभर लांब. शू नवे घातले, पण स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या होत्या. आणि तो सरकता आधार! हाताने हलवला, हलेना. स्क्रू ड्रायव्हरने रेटला तेव्हा करकरत हलला. शूखाली ताटलीवर जिथे शू टेकतो तिथे तीन खड्डे पडलेत, शू त्यात बसूनच राहत असणार.

बेअरिंग फिरवून पाहिलं, आवाज नाही, खडखड नाही. सीलमधून ग्रीस आलेलं नाही. ते एक सुख.

साधा_फिटर
छान बघितलंत. म्हणजे तुम्हाला तीन आजार होते आणि एकमेकांना झाकत होते. केबल अडकलेली, सळई आवळलेली, आधार गंजलेला. एक दुरुस्त करून बाहेर पडला असतात तर दुसऱ्याने परत घरी आणलं असतं.

काचेसारखं लायनर भेगाळलं नसतं तर घासून वापरा म्हणालो असतो. भेगा आहेत, तर दोन्ही बाजूंचे शू स्प्रिंगांच्या संचासकट बदला. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटी 'हो' आलं, पण कारण वेगळं. ताटलीवरचे खड्डे उथळ असतील तर कानस मारून सपाट करा. आधार काढून तारेच्या ब्रशने साफ करा, त्याच्या खोबणीत आणि शू टेकतात त्या जागांवर उष्णता सोसणारं ग्रीस, बोटाला लागेल इतकंच. लायनरला लागू देऊ नका. आधार दोन बोटांनी सरकला पाहिजे आणि स्प्रिंगने आपोआप परत आला पाहिजे. डावं-उजवं एकदम उघडू नका, एक जोडलेलं नमुन्याला ठेवा.

जोडल्यावर जुळवणी अशी. सळई अजून सैलच. कपलिंगचा दांडा पूर्ण बाहेर ओढलेला, हँडब्रेक खाली. चाक पुढे फिरवत फिरवत मागून चकती आवळा, चाक अडेपर्यंत. मग एकेक दात सोडा, चाक मोकळं फिरेपर्यंत. हँडब्रेक चार-पाच वेळा ओढून सोडा म्हणजे शू मध्यावर बसतील, पुन्हा तपासा. दुसरं चाक तसंच. आता केबलची आतली तार चाकापाशी ओढून बघा, ५ ते ८ मिमी हलली तर ठीक, दोन्हीकडे सारखी. सगळ्यात शेवटी सळई: कपलिंगच्या मागचा तरफ दांड्याला नुसता टेकेल, हलवला तर ढिला लागणार नाही, पण ओढलेलाही नसेल, इथवर. दोन्ही नट एकमेकांवर कसा. सळई आवळून चाकाची फिरण्याची ताकद कमी झाली, तर एक आटा जास्त गेलाय.

आणि त्या दांड्याचं वाळकं ग्रीस काढून ग्रीस भरायच्या दोन्ही निपलमधून नवीन भरा. दांडा हाताने आत दाबून सोडा. त्याने हळूहळू, जड जात परत यायला हवं. फटकन आत जाऊन फटकन आला, तर आतला डँपर (धक्का शोषणारा दट्ट्या) संपलाय.

ताशी_चाळीस
हँडब्रेक आता कुठल्या दात्यावर लागायला हवा? आणि माझा ट्रेलर चढावर हँडब्रेक ओढला तरी वीतभर मागे सरकतो, मग थांबतो. हाही बिघाड?

साधा_फिटर
दुसऱ्या-तिसऱ्या दात्यावर चाक जड व्हायला लागावं. मागे सरकणं बिघाड नाही. उलटं फिरताच ती रिव्हर्सची युक्ती ब्रेक सोडवते, मग हँडब्रेकची स्प्रिंग किंवा गॅसचा दट्ट्या उरलेली ओढ घेतो आणि चाक परत धरतं. तेवढ्यात ट्रेलर २५-३० सेंटिमीटर जातो. म्हणूनच चाकाला लाकडी गुटका लावायचा आणि मागे कोणी उभं राहायचं नाही.

वाटसरू२
(आठवडाभराने) सपाट रस्त्यावर वीस किलोमीटर. उजवा ड्रम ४३, डावा ४६. रिव्हर्स इतका हलका गेला की मी खाली उतरून बघितलं, ट्रेलर मागे आहे ना! गाडी पूर्वीच्या गिअरात चढ चढली.

एक कबुली. पहिल्यांदा जुळवणी केली तेव्हा सवयीने सळई आधी आवळली होती, आणि डावं चाक पुन्हा धरलं. मनात म्हटलं, हे कुठे बाहेर सांगायचं नाही. सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून केलं.

जुनी डावी केबल फाटल्या जागी कापून पाहिली. आतली तार गंजाने फुगून जवळजवळ दीडपट जाड झालीय, दोन धागे तुटलेले, आणि अजून ओलसर.

साधा_फिटर
३ अंशांचा फरक सोडून द्या. नवे शू बसेपर्यंत थोडं घासणारच. दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा परत उचलून चाकापाशी जुळवणी बघा. चाकापाशी. उभा करताना हँडब्रेक खाली, चाकांना गुटके, दांडा बाहेर ओढलेला.

खारं_पाणी
ब्लीडर उघडला. चाक तसंच धरलेलं. पिना हातोडीने काढाव्या लागल्या. काढल्या त्याला पिना म्हणायचं की गंजाच्या कांड्या, हा प्रश्नच आहे. नवीन मागवल्यात. होडीसोबत ट्रेलर धुतोय आता.

रिंगपाना
कालपासून मनात घर करून बसलं होतं म्हणून आज बॅटरी घेऊन माझ्या ट्रेलरखाली शिरलो. सळईच्या नटामागचे आटे बघितले. नऊ आटे चकचकीत. आणि ते मीच फिरवलेत, दर वर्षी एक-दोन. नवीन धागा काढू की इथेच विचारू?

साधा_फिटर
इथेच विचारा. आधी सांगा, दांडा पूर्ण बाहेर येतो का?